तिसरी संपण्याआधी मुलाला वाचता आले पाहिजे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव सीमाभागात थंडी पडू लागली की साहित्य संमेलनांचे दिवस येतात. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी अशा गावांत ग्रंथदिंडी निघते, मुली डोक्यावर कलश घेतात, शाळेची मुले लेझीम खेळत पुढे चालतात आणि पालखीत मांडलेल्या ग्रंथांवर गावकरी फुले वाहतात. सरकारी मराठी शाळांत 31 वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आहे. नोकरीत असताना या दिंड्यांतून मुलांच्या रांगा सांभाळत मी अनेकदा चालले, आणि आता गावकरी म्हणून चालते. मागच्या खेपेस माझ्या शेजारून चालणाऱ्या चौथीतल्या एका मुलीला मी पालखीतल्या सर्वांत वरच्या पुस्तकाचे नाव वाचायला सांगितले. तिने पहिले अक्षर बरोबर म्हटले, दुसऱ्यावर ती अडली, तिसऱ्या जोडाक्षराकडे पाहून तिने ओठ हलवले, आणि मग मान खाली घालून ती पुन्हा रांगेत मिसळली. थोड्याच वेळापूर्वी मराठीचा जयजयकार करताना तिचा आवाज साऱ्या मुलांत उंच होता.

त्या मुलीला मी ओळखते. ती मंद नाही. आईबरोबर भाजी विकायला बसते तेव्हा पाव किलो मिरची आणि दीड किलो वांग्यांचा हिशेब ती तोंडी करते, गिऱ्हाईक कन्नड बोलले तर कन्नडमध्ये भाव सांगते, आणि शाळा बुडवत नाही. चार वर्षे ती रोज वर्गात बसली आहे. तरीही शाळेने तिला जी पहिली गोष्ट द्यायची असते, तीच तिच्या हाती पडलेली नाही, आणि पुढच्या इयत्तांतली इतिहासाची, परिसर अभ्यासाची, गणितातल्या शाब्दिक उदाहरणांची सगळी पुस्तके तिला वाचता येते असे गृहीत धरून लिहिलेली आहेत.

ही अवस्था एका मुलीची, एका शाळेची किंवा एका भाषेची नाही, हे मला ठाऊक आहे. 'असर' या पाहणीत ग्रामीण भागातल्या मुलांना घरी जाऊन, एकेकाला समोर बसवून, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. 2024 च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण तिसरीतल्या दर चार मुलांपैकी तीन मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, हेही तोच आकडा सांगतो. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तेव्हा दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठरवले, आणि त्यासाठी 2026-27 ची मुदत घातली. उद्दिष्ट योग्य आहे. आपल्या भागातल्या मराठी शाळांत ते कसे गाठायचे, याविषयी मात्र मला कुठेच गंभीर चर्चा दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे मी वाचन शिकवते आहे अशा समजुतीत पाठांतर शिकवत होते. जून महिन्यात मुळाक्षरांचा तक्ता लावायचा, अ पासून ज्ञ पर्यंत सारी अक्षरे वर्गाकडून घोकून घ्यायची, मग 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' या चालीवर बाराखडी म्हणून घ्यायची, आणि दिवाळीनंतर धड्याला हात घालायचा. धडा मी एकदा वाचायची, मुले माझ्या मागून म्हणायची, आठवडाभरात सगळा वर्ग खणखणीत आवाजात धडा म्हणू लागायचा आणि तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जायचे. एके वर्षी असेच धडाधड वाचणाऱ्या एका मुलासमोर मी पोस्टकार्ड घेऊन बसले, त्याला बारीकशी खिडकी पाडली आणि ओळीतला मधलाच एक शब्द त्या खिडकीतून दिसेल असे कार्ड पानावर ठेवले. शब्द होता 'झाडावर'. मुलाने शब्दाकडे पाहिलेच नाही. त्याने डोळे मिटले, ओळ पहिल्यापासून मनात म्हणायला सुरुवात केली, बोटांवर शब्द मोजले आणि मग म्हणाला, 'झाडावर'. उत्तर बरोबर होते, पण ते त्याने वाचले नव्हते. त्या दुपारी मी वर्गातल्या 34 मुलांना एकेक करून त्या खिडकीसमोर बसवले. खऱ्या अर्थाने वाचणारी मुले निघाली नऊ. उरलेल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात मी स्वतःच्या हाताने 'वाचन: चांगले' असे लिहिलेले होते.

तेव्हापासून मी जे शिकले ते अनुभवातून आणि इतरांचे काम पाहून शिकले. देवनागरी लिपी सोपी आहे, जसे बोलतो तसे लिहितो, म्हणून ती आपोआप येते, असा आपला समज आहे. लिपी नियमबद्ध आहे हे खरे. पण नियम कोणीतरी मुलाच्या हाती क्रमाने द्यावे लागतात. 'कि' मधली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे सहा वर्षांच्या मुलाला कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कसे कळावे? 'सूर्य' मधला र उच्चारात य च्या आधी येतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर बसतो, 'प्राणी' मधला र प च्या पायाशी तिरकी रेघ होऊन राहतो, आणि 'ट्रक' मधला र आणखी वेगळाच दिसतो. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतला च एकाच आकाराने लिहितात आणि दोन तऱ्हांनी बोलतात. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरे पूर्ण असतात, पण बोलताना शेवटचा अ आपण गिळून टाकतो. मोठ्यांना या गोष्टी दिसेनाशा झालेल्या असतात. मुलाला मात्र त्या प्रत्येक ठिकाणी ठेच लागते, आणि पन्नास जागी ठेच लागलेले मूल पुढे चित्र पाहून, पहिले अक्षर पाहून किंवा शेजाऱ्याचा आवाज ऐकून अंदाजाने शब्द फेकू लागते.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी वाचन शिकवण्याचे जे काम उभे केले, त्यातली एक साधी गोष्ट आपल्या प्रत्येक पहिलीच्या वर्गात पोहोचायला हवी होती. सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट पाहायची नाही. चार-पाच अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह असा छोटा गट घ्यायचा आणि त्यातून अर्थ असलेले शब्द पहिल्या आठवड्यातच मुलाला वाचायला लावायचे. म, क, र, ल आणि काना एवढ्याच सामग्रीवर 'काका', 'मामा', 'मला', 'माकर' नाही पण 'मकर', 'काल', 'कमाल', 'काम कर', 'मामाला कार' इतके काही वाचता येते. निरर्थक जुळणी मुलानेच ओळखावी आणि 'बाई, असा शब्दच नाही' असे म्हणावे, ही तर वाचन समजू लागल्याची पहिली खूण असते. असे शिकवायला लागल्यावर माझ्या वर्गात फरक पडला. सगळीच मुले सारख्या वेगाने वाचू लागली असे मी म्हणणार नाही, पण फेब्रुवारीपर्यंत पोस्टकार्डाच्या खिडकीतून वाचता न येणारी मुले चार-पाचच उरत, आणि ती कोण आहेत हे मला नेमके ठाऊक असे.

आता आपल्या भागाची खास अडचण. मराठी माध्यमाच्या आमच्या मुलापुढे शाळेत एकामागून एक तीन लिप्या येतात: देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी. कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही, उलट ती उत्तम आलीच पाहिजे असे मी मुलांच्या आईवडिलांना नेहमी सांगत आले. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून बंधनकारक आहेच, पण कायदा नसता तरी तहसील कार्यालयात, बसमध्ये, कारखान्यात आणि दवाखान्यात आमच्या मुलांना तिची गरज पडते. प्रश्न असा आहे की देवनागरी आणि कन्नड या दोन लिप्या एकमेकींच्या बहिणी असूनही त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत, आणि हा वेगळेपणा मुलाला कोणी दाखवत नाही. मराठीत जोडाक्षर करताना पहिले अक्षर अर्धे होते. कन्नडमध्ये पहिले अक्षर पूर्ण राहते आणि दुसरे त्याच्या खाली लहान होऊन बसते, ज्याला तिकडे ओत्तक्षर म्हणतात. मराठीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. कन्नडमध्ये तो त्या अक्षराच्या उजव्या अंगाला येतो. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा अ स्पष्ट उच्चारतात, म्हणून कन्नडच्या तासावरून आलेले मूल मराठीत 'घर' हा शब्द 'घरऽ' असा ओढून वाचते आणि मग त्याला तो आपल्या घराचा शब्द वाटतच नाही.

यावर उपाय अवघड नाही. एका लिपीत हात आणि डोळा बसला की दुसरी लिपी लवकर येते, कारण स्वर, व्यंजन आणि स्वरचिन्ह यांची घडण दोन्हींकडे एकच आहे आणि कन्नडमधली कागुणित म्हणजे आपली बाराखडीच. मी शेवटची काही वर्षे फळ्याचे दोन भाग करून डावीकडे मराठी आणि उजवीकडे कन्नड शब्द लिहीत असे आणि दोन्हींकडे र कुठे बसला आहे ते मुलांना बोटाने दाखवायला सांगत असे. कन्नड शिकवणारे माझे सहकारी त्या वेळी वर्गात येऊन बसत आणि त्यांच्या तासाला हाच फळा पुढे चालवत. मुलांना तो खेळ वाटायचा. पण हे आम्ही दोघांनी आपल्या मनाने केले. दोन लिप्या शिकणाऱ्या मुलाला कसे शिकवावे याचे एकही प्रशिक्षण मला 31 वर्षांत मिळाले नाही. मी केलेली बहुतेक प्रशिक्षणे कन्नड शाळा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती, त्यांतली उदाहरणे कन्नड अक्षरांची होती, आणि ती मराठीत कशी लावायची हे आम्ही चहाच्या सुट्टीत आपापसांत ठरवत असू.

भाषेचा आणखी एक पदर आहे. घरी 'आजी गावाला गेलती' असे बोलणारे मूल पुस्तकात 'आजी गावाला गेली होती' हे वाक्य पाहते तेव्हा ते क्षणभर थबकते, आणि 'गेलती' वाचले तर त्याला चूक म्हणून झापले जाते. वास्तविक त्याने अर्थ अगदी बरोबर लावलेला असतो. अशा वेळी त्याचे बोलणे फळ्यावर लिहावे, खाली पुस्तकातले वाक्य लिहावे आणि दोन्ही त्याच्याकडून वाचून घ्यावीत. मुलाच्या तोंडची भाषा अशुद्ध ठरवून वाचनाची गोडी लावता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीच्या रानात राहणाऱ्या, घरी वेगळ्याच वळणाची बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे फार जपून करावे लागते. तिथे पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मुले आठ-आठ दिवस शाळेला येऊ शकत नाहीत, एकच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतो, आणि पटावर मुलेही थोडी असतात.

शिक्षकांविषयी बोलताना मी सावधपणे बोलते, कारण त्यांचा दिवस कसा जातो हे मी भोगले आहे. माध्यान्ह आहाराचा हिशेब, दूध, अंडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन भरायची माहिती, जनगणना, मतदार याद्या, बैठका, हे सारे उरकून उरलेल्या वेळात शिकवायचे असते. कायमस्वरूपी शिक्षक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते आणि अतिथी शिक्षक येतो. तो अनेकदा मनापासून काम करतो, पण पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री नसते, आणि बहुतेक ठिकाणी अशा नव्या माणसाच्या हाती पहिलीचाच वर्ग दिला जातो, कारण मोठ्या वर्गांना अनुभवी शिक्षक हवा असे सगळ्यांना वाटते. माझ्या मते हे पूर्णपणे उलट आहे. शाळेतला सर्वांत जाणता, मराठी उत्तम येणारा आणि लहान मुलांत रमणारा शिक्षक पहिली-दुसरीला असला पाहिजे. सातवीतले मूल एखादा धडा शिकवला गेला नाही तर तो स्वतः वाचून काढू शकते. पहिलीतल्या मुलाला ती सोय नसते.

राज्यघटनेचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी असे सांगते, आणि हे कलम राज्यपुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्येच, म्हणजे आपला सीमाप्रश्न जन्मला त्याच वर्षी, घटनेत आले. 'पुरेशी सोय' म्हणजे मराठी फलक लावलेली इमारत आणि हजेरीपट एवढाच अर्थ आपण आजवर लावून घेतला आहे. ज्या शाळेत मूल पाच वर्षांत मराठी वाचायला शिकत नाही, त्या शाळेत ही सोय झाली असे मला म्हणवत नाही, मग तिथे शिक्षक मराठी असोत की कन्नड आणि सरकार कोणाचेही असो.

कर्नाटकाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली 'नली-कली' पद्धत, ज्यात मुले गटांत बसून आपापल्या गतीने कार्डे घेत पुढे सरकतात, ती कल्पना म्हणून फार चांगली आहे आणि बाहेरच्या राज्यांनीही तिच्याकडून घेतले. 'ओदु कर्नाटक' या उपक्रमात चौथी-पाचवीतल्या मागे राहिलेल्या मुलांना इयत्ता न पाहता त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवण्यात आले. या विचारामागे मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांतला 'बालसखी'चा अनुभव आहे, ज्याचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला; या दोघांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तिथे वस्तीतल्याच मुलींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवले आणि मुले पुढे आली. मोठी इमारत किंवा महागडी साधने त्यासाठी लागली नव्हती. आपल्याकडे ज्या गोष्टी कन्नड शाळांत होतात, त्या मराठी शाळांत मराठी साहित्यासह, मराठी जाणणाऱ्या प्रशिक्षकांकडून आणि त्याच वर्षी व्हाव्यात, एवढेच मागणे आहे.

हा प्रश्न गरीब देशांचाच आहे असेही नाही. अमेरिकेत मुलांनी अक्षर-ध्वनींचे नियम क्रमाने शिकावेत की पुस्तकांच्या सहवासात अंदाज बांधत वाचन उचलावे, यावर कित्येक दशके वाद झाला, आणि 2000 साली तिथल्या राष्ट्रीय समितीने क्रमबद्ध ध्वनिशिक्षण, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन या सगळ्यांची सांगड घालावी असा निर्वाळा दिला. मिसिसिपी हे तिथले गरीब राज्य. चौथीच्या वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत 2013 मध्ये ते 49 व्या क्रमांकावर होते. त्या वर्षी कायदा करून त्यांनी लहान वर्गांच्या शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण दिले, मागे असलेल्या शाळांत वाचनाचे मार्गदर्शक नेमले, वर्षातून अनेकदा प्रत्येक मुलाची चाचणी घेतली, आणि 2019 मध्ये ते 29 व्या क्रमांकावर आले. न वाचणाऱ्या मुलाला तिसरीतच बसवून ठेवण्याची त्यांची तरतूद मला पटत नाही. नापास होण्याची शिक्षा मुलाने भोगावी आणि न शिकवणारी व्यवस्था पुढे जावी हे बरोबर नाही. पण वर्गात जाऊन शिक्षकाच्या शेजारी बसणारा मार्गदर्शक ही गोष्ट आपण जरूर उचलावी. आमच्याकडे क्लस्टरला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, सीआरपी हे मार्गदर्शक अधिकारी असतात. त्यांची भेट रजिस्टर पाहण्यात संपते. त्यांनी महिन्यातून एक दिवस पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसून पाच मुलांचे वाचन ऐकले तरी शाळेला कळेल की कोणी तरी ऐकते आहे.

मराठी समाजाला मला एक विनंती करायची आहे आणि ती मी पूर्ण आदराने करते, कारण सीमाप्रश्नाच्या लढ्यात माझ्या घरातल्या माणसांनीही लाठ्या खाल्ल्या आहेत. दुकानांच्या आणि गावाच्या पाटीवर मराठी असावी म्हणून आपण रस्त्यावर उतरलो, आणि ते योग्यच होते. मुलाच्या हातातल्या पाटीवरची मराठी मात्र आपण शिक्षकांवर सोडून दिली. 1946 मध्ये बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली, त्याचा अभिमान आपण आजही सांगतो. त्या वेळी मांडवात बसलेली अनेक सामान्य माणसे मराठी शाळांतून वाचायला शिकून आलेली होती. आज गावागावांत मराठी शाळेची पटसंख्या घसरते तेव्हा आपण आईवडिलांना दोष देतो की त्यांना इंग्रजीचे वेड लागले आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला जाणारी किंवा निपाणीत विड्या वळणारी आई पोटाला चिमटा काढून खासगी शाळेची फी भरते, ती वेडापायी भरत नाही. तिने शेजारच्या घरातले पाचवीतले मूल पाहिलेले असते, ज्याला दवाखान्याची चिठ्ठी वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचाच असल्याचे स्पष्ट केले आहे, त्यामुळे कोणावर सक्ती करण्याचा मार्ग आता उरलेला नाही. सरकारी मराठी शाळेत तिसरीतले प्रत्येक मूल वाचते हे गावाला डोळ्यांनी दिसले, तर पट भरायला घरोघरी फिरावे लागणार नाही.

म्हणून मेअखेर शाळा उघडतील तेव्हा काही गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली ते तिसरीच्या वर्गांना रोजचा पहिला तास फक्त वाचनाचा असावा आणि त्या तासात शिक्षकाला कोणत्याही माहितीसाठी, बैठकीसाठी किंवा फोनसाठी उठवू नये, असा स्पष्ट आदेश बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत निघावा. प्रत्येक मुलाला महिन्यातून एकदा एकटे बसवून न पाहिलेला मजकूर एक मिनिट वाचायला द्यावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. 30 मुलांच्या वर्गाला त्यासाठी रोज दोन मुले घेतली तरी पुरते. ही नोंद शिक्षकावर कारवाई करण्यासाठी वापरू नये, नाहीतर खोट्या नोंदी होतील, जशा मी केल्या. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीत पत्रे, नळ आणि कंपाउंड यांच्याबरोबर किती मुले वाचू लागली हा विषय असावा, आणि सदस्यांनी चार मुलांना समोर बसवून ते ऐकावे. त्यासाठी सदस्य शिकलेला असण्याची गरज नाही, मूल अडखळते आहे हे कोणाही आईला कळते. डायटने, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेने, मराठी शाळांच्या शिक्षकांसाठी दोन लिप्यांचे प्रशिक्षण मराठीतून घ्यावे.

पुस्तकांबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण त्याविना बाकी सारे कोरडे राहील. वाचायला शिकलेल्या मुलाला वाचायला काही लागते. पाठ्यपुस्तक एकच असते आणि ते जूनच्या अखेरीस चित्रांसकट पाठ झालेले असते. मुलाला एका ओळीचे पान, मग दोन ओळींचे, मग जोडाक्षरे नसलेली छोटी गोष्ट, मग जोडाक्षरांची, अशी चढण लागते. ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत, ज्यांना आता अरिवु केंद्र म्हणतात, मुलांना मोफत सदस्यत्व मिळते. पण मराठी गावांतल्या या केंद्रांत लहान मुलांची मराठी पुस्तके मी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच पाहिली आहेत. ग्रामपंचायत सदस्यांनी ठराव करून ती मागावीत. संमेलनांच्या आयोजकांनाही माझे सांगणे आहे की स्वागताचे हार, शाली आणि मानचिन्हे यांच्या खर्चातला थोडा भाग काढून दरवर्षी गावच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गाला पन्नास पातळ पुस्तके द्यावीत, आणि दिंडीच्या पालखीत ती पुस्तकेही ठेवावीत, म्हणजे शेजारून चालणाऱ्या मुलाला ती वाचता येतील.

दिंडीतली ती मुलगी आता संध्याकाळी माझ्या पडवीत येते. तिच्याबरोबर आणखी सहा मुले येतात. पहिल्या दिवशी तिला 22 अक्षरे ओळखता येत होती आणि काना सोडून एकही स्वरचिन्ह येत नव्हते. अकरा आठवडे झाले. परवा तिने घरून मसाल्याच्या पुडीचा कागद आणला आणि त्यावरचा 'कोरड्या जागी ठेवावे' हा मजकूर मला वाचून दाखवला. 'कोरड्या' वर ती थांबली, ड च्या खाली बोट धरले, मग य कडे सरकली, आणि दोन्ही जोडून शब्द पूर्ण केला. तिने तो कागद घडी घालून वहीत ठेवला आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे. आमच्या गावात आपला अंक किराणा दुकानात, दूध डेअरीत आणि देवळाच्या कट्ट्यावर येतो आणि मुले तो मोठ्यांच्या खांद्यावरून पाहतात. त्यातला टाइप त्यांच्यासाठी फार बारीक आणि वाक्ये फार लांब असतात. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, दोन स्तंभ रुंद आणि साधारण बारा सेंटिमीटर उंच एवढी जागा आपण दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी ठेवावी. मोठ्या टाइपात, साठ ते ऐंशी शब्दांचा, पहिले काही महिने जोडाक्षरे नसलेला मजकूर द्यावा, आणि विषय गावचाच असावा: भाताची लावणी, बटाट्याची काढणी, एसटी, बैल, पाऊस. असे चार मजकूर मी लिहून या पत्रासोबत पाठवत आहे. ते सातही मुलांकडून वाचून घेतले आहेत, आणि जे शब्द त्यांना अडले ते मी बदलले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका बेळगाव